मुक्कामाची जागा

हिप्परग्याच्या तळ्याकाठी पहिली जागा. पाणी अगदी समोर,
पण माती काळी. मामंजींनी टाच रोवून फिरवली,
म्हणाले, एक सर आली तर गाडी इथंच संसार मांडेल.
पुढे एक बाभूळ, पण पूर्वेला.
दुपार कलताना तिची सावली आपल्या काय कामाची?

तिसरी अंबादासला पसंत. मुरूम, हापशी चाळीस पावलांवर.
मी गाडीच्या फरशीवर पाण्याची बाटली आडवी ठेवली.
ती जरा विचारात पडली, मग सीटखाली निघून गेली.
दोन चपटे दगड मागच्या चाकाखाली. पुन्हा बाटली.
या खेपेला हलली नाही. चिन्नूने टाळ्या वाजवल्या.

कडक भाकरी चुरली, शेंगाचटणी, वर तेल.
जुन्या टेम्पोचं केलेलं घर, त्यात आम्ही पाच
आणि एवढी शांतता
की तळ्यात मासा कूस बदलला तरी कळावं.

अकराला मामंजी बाहेर. बारालाही बाहेरच.
काय झालं, विचारलं.
"इथं काहीच चालू नाही गं."
उभा जन्म मागांच्या खडखडाटात निजलेला माणूस.

मग दगड काढले. कुत्र्यांना शिव्या घालत
पंपघरामागे नेऊन लावली गाडी,
उतारावर, शेवाळाच्या वासात, जिथं शहाणं कुणी थांबत नाही.
मोटरचं झाकण सैल. खटक, खटक, खटक.

बाटली घरंगळत दाराशी गेली.
उचलायला उठले,
तर मामंजी घोरत होते.