जगलेल्यांची मोजणी

गेल्या मार्चात कंपनीने दहा हजार कांदळ लावले
उम्म अल कुवैनच्या खाजणात, ओहोटी गाठून.
दोन बसगाड्या भरून आम्ही,
हिशेबखात्यापासून वकिलांपर्यंत सगळे,
एकाच मापाच्या हिरव्या टी-शर्टात.
माझा पोटावर चढत होता.
मोठ्या साहेबांनी पहिलं रोप लावलं,
मग उपटून पुन्हा लावलं,
फोटोत त्यांचे डोळे मिटले होते.

हे झाड इथून कधीच गेलं, म्हणे.
उरली ती तिवरं, उंटांनी शेंडे खाल्लेली.
म्हणून शेंगा आणल्या समुद्रापलीकडून
ओल्या गोणपाटात, विमानाने.
त्यांचे कागद माझ्याच टेबलावरून गेले:
निरोगी. कीड नाही. प्रवेशास हरकत नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी
माझ्या छातीच्या फोटोवरही
साधारण हेच लिहिलं होतं.

रोपवाटिकेवर सैदुल असतो, खुलन्याकडचा.
त्याच्या गावी कांदळाला गर्जन म्हणतात.
एवढ्या गप्प झाडाला!
आणि राखणदार म्हातारा खल्फान सांगतो,
त्याच्या बापाच्या घराचं छत चंदलचं होतं,
लांब सरळ वासे, गलबतातून आलेले.
चंदल, मी म्हणून पाहिलं. चंदल. कांदळ.
बाणकोटच्या खाडीवर बाबा याचीच साल उकळायचे,
जाळी बुडवायचे त्या लाल पाण्यात,
आणि दोन दिवस आईच्या भाकरीलाही
तो तुरट वास यायचा.
झाड वाचवायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.
ते होतं. चिंबोऱ्या होत्या तसं.

यंदा मला एकट्याला पाठवलंय.
तपासनीस आता विचारतात, लावली किती ते कळलं,
जगली किती?
गुडघाभर चिखल, हातात फळी, फळीवर चौकटी.
रांगा आहेत, खुंट आहेत, नावाच्या पट्ट्या आहेत,
'प्रेमपूर्वक, वित्त विभाग'
आणि खाली सुकी काडी, तिच्यावर कालवं बसलेली.
दुपारपर्यंत चारशे बारा.
ऑफिसातून फोन: चोगले, गोल आकडा द्या ना.
म्हटलं, गोल कुठल्या बाजूला करू?
पलीकडे कुणी हसलं नाही.

परतताना सैदुलने बाही ओढली.
आमच्या दोरीच्या बाहेर, वाळूच्या दांड्यापल्याड,
जिथे कुणी काही लावलं नव्हतं,
एक कांदळ.
कुठल्याशा उधाणात रांगेतून सुटलेलं,
आडवं वाहत गेलेलं,
आणि तिथे, वाकड्या बुंध्याने,
तीन मुळं कमानीसारखी टेकून उभं.
खालच्या सावलीत एक निवटी,
डोळे वर काढून आम्हाला बघत.

मी पेन काढलं. चौकट शोधली.
हद्दीबाहेर, असा रकानाच नव्हता.
समासात लिहावं म्हणून टोक टेकवलं
तर सैदुल म्हणाला, लिहू नका भाई,
बस घेऊन येतील.

पाणी चढायला लागलं होतं.
माझ्या डाव्या बुटात शिरलंही.
चारशे बाराच्या शेवटी मी
एक ठिपका दिला फक्त,
दशांश समजोत, नाहीतर शाईचा डाग.