डिझेल की पेट्रोल

रॉलिन्सच्या शोरूमबाहेर दोन पिकअप,
दोन्ही पांढऱ्या, दोन्ही वाऱ्याकडे पाठ करून.
व्हर्लिन पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडतो :
डिझेलला दहा हजार डॉलर जास्त,
पण ट्रेलर ओढताना गॅलनला बारा मैल;
पेट्रोलवाली आठातच धापा टाकते.

विक्रेता पोरगा किल्ली फिरवतो.
डिझेल घसा खाकरतं
भल्या पहाटे उठलेल्या म्हाताऱ्यासारखं.
"चढावर ही मागं बघत नाही, मॅडम."
मी विचारते, आणि उणे तीसमध्ये?
तो आपले बूट बघतो.

जानेवारीत डिझेलची पेज होते, मला माहीत आहे.
बाप इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवायचा
आणि आई दारात कुणाचं तरी नाव घेत उभी,
देवाचं की त्याचं, वाऱ्यात कळायचं नाही.

व्हर्लिन लिहितो : ट्रेलर चार हजार पौंड,
गवत, पाणी, खोगिरं,
घोडे दोन, चोवीसशे.

दोन.
पेन्सिल तिथे जराही अडखळत नाही.
ज्युनिपरला आम्ही एप्रिलमध्ये पुरलं
कुंपणापलीकडे, जमीन नुकती सुटली होती.
उरलेला ट्रेलरमध्ये चढतच नाही
डावी बाजू रिकामी दिसली की.

एका घोड्याला पेट्रोल पुरतं.
वर्षाला नऊ फेऱ्या;
दहा हजार वसूल व्हायला
आमची वयं अपुरी पडतील.

"डिझेलच घे," मी म्हणते.

तो पाकीट घडी करून खिशात ठेवतो.
पोरगा कागद आणायला धावतो.
वारा दोन्ही गाड्या सारख्याच हलवतोय.