हातचा एक

शाळा बंद झाली तेव्हा फळ्यावर
हातच्याची एक वजाबाकी अर्धी राहिली होती.
मी ती पुसली नाही.
सोमवारी भेटू, म्हणाले होते सगळे.
तो सोमवार दीड वर्षाने आला.

चिलोएच्या पोटातल्या ह्या बेटावर
सतरा मुलं, एक मी,
आणि चर्चमागच्या टेकडीवर एक खडक,
त्यावर उभं राहिलं तर फोनला दोन दांड्या.
वरून कळवलं, ऑनलाइन शिकवा.
खडकावर उभी राहून मी तो निरोप वाचला,
दुसऱ्या दांडीबरोबर तोही गेला.

मग पिशव्या शिवल्या, पिठाच्या जुन्या पोत्यांच्या.
आत एक उतारा, पाच गणितं, खडूचा तुकडा,
कारण घरोघरी पाटी होती, खडू नव्हता.
गुरुवारी भरती बघून रेमिहिओ त्या होडीत घालायचा,
बटाट्यांशेजारी, गॅसच्या सिलिंडरशेजारी,
कुणाच्या तरी इन्सुलिनशेजारी.

परत आलेले कागद मी क्लोरीनच्या फडक्याने पुसायचे,
चुलीवरच्या दोरीला चिमट्यांनी टांगायचे.
घरभर ओल्या निबंधांचा वास.
एकदा एका वहीतून खेकड्याचं पिल्लू निघालं, जिवंत.
त्याला मी हजेरीत धरलं.

जुलैत एका गुरुवारी होडी आली नाही.
रेमिहिओचा भाऊ कास्त्रोच्या इस्पितळात गेला होता,
तो तिथून आलाच नाही.
पुढच्या गुरुवारी होडी आली.
रेमिहिओ काही बोलला नाही.
मी बटाटे उतरवून घेतले.

ऑगस्टमध्ये ओरिआना मियाल्देओचा कागद.
वरची तीन गणितं तिच्या हातची,
साताच्या कमरेला पट्टा, नेहमीसारखा.
खालची दोन दुसऱ्याच कुणाची.
आकडे मोठे, कागदात रुतलेले,
पेन्सिल नव्हे, वल्हं धरल्यासारखे.
आणि दोन्हींत हातचा विसरलेला.

मी लाल पेन उचललं.
खाली ठेवलं.
तिचा बाप आठवला, बासिलिओ, शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा.
थोरल्याच्या वेळेपासून पालकसभेला दाराशीच उभा,
सहीची वेळ आली की खिसे चाचपायचा,
म्हणायचा, चष्मा राहिला घरी.
चष्मा त्याला कधीच नव्हता.

पुढच्या पिशवीत एक कागद जास्त ठेवला,
नाव न लिहिता.
पहिलीतली मोठी अक्षरं, आणि खाली दोन बेरजा:
हातचा डोक्यावर लिहावा, म्हणजे विसरत नाही.
कागद भरून परत आला.
नाव न लिहिता.

असे एकेचाळीस कागद.
आम्ही दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही.
रेमिहिओने एकदा पिशवी हातात तोलली,
"ह्या पोरीला अभ्यास जरा जास्तच देता, बाई."
"हुशार आहे," मी म्हणाले.

शेवटच्या कागदावर विचारलं होतं,
खिडकीपाशी काय दिसतं ते लिहा.
त्याने लिहिलं:
मुलगी वाचते. मी ऐकतो. मागे समुद्र आहे.
'मुलगी'चं पहिलं अक्षर गाळलं होतं.
आमच्या स्पॅनिशमध्ये त्या शब्दाच्या तोंडाशी एक ह असतो, मुका.
आयुष्यभर हाका मारल्या तरी तो ऐकू येत नाही,
वाचलं तरच भेटतो.
समासात मी लिहिलं,
ह्याला आवाज नसतो,
पण ह्याची जागा सोडायची नसते.

शाळा उघडली.
मुलं वाढली होती, बाकं तेवढीच.
ओरिआनाला सोडायला बासिलिओ आला,
दाराशी उभा, मास्क थेट डोळ्यांखालपर्यंत.
मला वाटलं, निघेल आता.
तो फळ्याकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "हातचा राहिलाय."

मी खडू शोधू लागले.
डबा रिकामा.
सगळे पिशव्यांतून गेले होते.