दुसरी पाळी

पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला नोल्फा उभी असते,
दुपारी दोन ते रात्री दहा.
बाहेर केयोनची खाडी,
आत चार अंश, आणि साल्मन संपत नाही.
आम्ही चिमट्यानं काटे उपसतो,
एका फाकेत तीसेक,
बोटांनी चाचपून, न बघता.

आम्ही सगळ्या पांढऱ्यात.
बूट पांढरे, एप्रन पांढरा, टोपी, मास्क.
हे ज्यानं ठरवलं
त्याच्या अंगावरून कधी काही गेलेलं नाही.

नोल्फाचं पंधरा-पंधरा दिवस जातं.
आलुबुखाराएवढ्या गाठी पडतात.
ती दोन चड्ड्या घालते, मधे टॉवेलचा तुकडा,
आणि तरी घड्याळाकडे बघत राहते.
संडासला सात मिनिटं,
त्यातली चार बूट काढण्यात, हात धुण्यात.
मुकादम ओयार्सो वहीत लिहितो.
वाईट माणूस नाही तो.
त्याला लिहायला सांगितलंय.

कास्त्रोच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं:
एक गाठ भिंतीत, एक बाहेरून,
आणि एक आत, नेमकी
जिथं कुणी निजायला हवं तिथं.
सर्रास आढळतं, म्हणाले.
परतताना बसमधे तिनं मला विचारलं,
सर्रास म्हणजे काय गं, एडुविना?
इथं पाऊसही सर्रासच पडतो.
म्हणून भिजायचं राहतं का कुणी?

ऑगस्टात तिची पाळी चुकली.
कारखान्यातली नव्हे, ती तिनं कधीच चुकवली नाही.
तिला दिवस गेले,
आणि मग दिवस जाता जाईनात.
सातवा आठवडा. आठवा.
झबल्याची लोकर घेतली नाही,
मागच्या दोन खेपांची कपाटात होती.
फक्त पट्ट्यावर उभी राहताना
पोट कडेला टेकू नये म्हणून
बोटभर मागे सरकायला लागली.
ते बोटभर अंतर मला दिसायचं.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, रात्री साडेआठला
तिचा चिमटा थांबला.
मासे येत राहिले, काट्यांसकट पुढे जात राहिले.
कळ आली, म्हणाली. एवढंच.
आणि मी घड्याळ बघितलं.
देवा, मी आधी घड्याळ बघितलं.

इस्पितळात फॉर्म होता.
याआधीची गरोदरपणं: दोन.
जिवंत मुलं: एक रिकामी चौकट.
आमच्याकडे याला पेर्दिदा म्हणतात, हानी.
खिशातून पडलेलं पाकीट, बुडालेली होडी,
बंद पडलेलं दुकान,
सगळ्याला तोच शब्द.
सुईण अगदी कोवळी पोर, नजर कागदावर.
कितवी हानी, बाई?
नोल्फानं बोटं वर केली.
मनगटावर हातमोज्याचा वळ अजून तसाच.

सात दिवसांची रजा लिहून दिली होती.
चौथ्या दिवशी ती पट्ट्यावर.
घरी झोप येत नाही, म्हणाली,
आणि नवरा सारखा चहा आणून देतो.

कधीमधी एखादी फाक फिकी येते.
अंडी धरलेल्या मादीची.
सगळा लाल रंग तिनं अंड्यांना दिलेला असतो,
आणि अंडी तर आधीच कापून गेलेली.
असल्या फाका तिसऱ्या दर्जाच्या,
काटे न काढता बाजूच्या पेटीत टाकायच्या.
त्या रात्री नोल्फानं एक हातात घेतली.
तिचे काटे काढले. सगळे.
पट्टा तुंबला. कुणी ओरडलं नाही.

आता ती जागा सोडून गेली की
एर्मिंदा अर्धं पाऊल इकडे सरकते,
मी अर्धं पाऊल तिकडे.
पाळीपाळीनं दोन जणींचे मासे एकीकडे.
हे आम्ही ठरवलेलं नाही.
आज परत आली तेव्हा सतरा मिनिटं झाली होती,
ओठ पांढरे, केस ओले.
ओयार्सोनं वही उघडली,
घड्याळाकडे पाठ केली
आणि लिहिलं, सात.
तिनं चिमटा उचलला.