परत काय देतोस

ओहोटीला हर्णैत होडी काठाला लागत नाही.
मग कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी राहतात
एकामागे एक, आणि पाटी हातोहात वाळूवर येते.
घेतलीस तर पुढे दे, एवढाच कायदा.
मधला एखादा तंबाखू मळायला थांबला
की पुढच्याच्या ओंजळीत नुसतं खारं पाणी.

हीच रांग मी कोडमध्ये लिहिली,
सोसायटीच्या लिलावासाठी:
वजन घे, टिंब, बर्फ वजा कर, टिंब,
दर लाव, टिंब, नाव घाल.
एका ओळीत. दिसायला देखणी.
प्रत्येक मेथड आपलं काम उरकून
पाटी परत देते,
म्हणून तर टिंबापुढे टिंब लागतं.

आळस केला तो इथे:
होडीगणिक नवा ऑब्जेक्ट कोण करत बसणार?
सगळं स्टॅटिक करून टाकलं.
स्टॅटिक म्हणजे सोसायटीची खिडकी.
कुठल्या होडीची नाही,
हाक मारली की उघडते.
तिला ‘मी’ नसतो.
बेरीज मात्र तिच्या फळीवर, सगळ्यांची मिळून एकच.

आठ दिवस चाललं. होड्या एकेकट्या येत होत्या.

नवव्या संध्याकाळी दोन एकदम लागल्या,
चोगल्यांची आणि मुनाफ दर्वेशची.
काटे दोन, खिडकी तीच.
मुनाफची बावीस किलो सुरमई
चोगल्यांच्या बांगड्यांत जाऊन बसली,
बांगड्यांच्या दरानं.

मुनाफ भांडला नाही.
पावती बल्बखाली धरून म्हणाला,
“हेच्यात माजी होडी कुठं हाय?”

मी सुंदरा पावशिणीकडे पाहिलं.
तिच्यापुढे ओळीनं करवंट्या,
होडीला एक,
पाटी उतरली की त्या करवंटीत एक शिंपला.
बोलता बोलता टाकत होती, न बघता,
आणि चुकत नव्हती.

रात्री दोनपर्यंत बसलो.
खिडकीकडे आता एकच काम ठेवलंय:
आलेल्याला कोरी करवंटी द्यायची.
पुढची सगळी टिंबं त्या करवंटीची.
शेवटची ‘छाप’ तेवढी काही परत देत नाही,
तिच्यापुढे कुणी उभं नसतं.

सकाळी फरकाचे पैसे मी पदरचे दिले.
मुनाफनं दोनदा मोजले
आणि जास्तीचे चाळीस
माझ्या हातावर परत ठेवले.