सुईएवढं भोक

साखर पेठेत, चादरींच्या दुकानावरच्या मजल्यावर
आमचं वाचनालय. बावीस वर्षं मी तिथं तारखेचा शिक्का मारते.
एप्रिलात गादीवरची शाई वाळते,
थेंबभर पाणी घालून चालवून घेते.

मल्लेशम गुंडेटी बुधवारी यायचे.
जकार्डचे पुठ्ठे ठोकण्यात गेलेला जन्म.
पुस्तकाची नोंद होईतो टेबलावर बोटं वाजायची:
दोन, एक सोडून, पुन्हा दोन.
मोजायचे तेलुगूत, वाचायचे मराठीत,
आणि कादंबरीशिवाय काही न्यायचे नाहीत.

पहिलं भोक सापडलं
एका मामलेदाराच्या गोष्टीत, पान एक्क्याऐंशी,
समासात. सुईच्या टोकाएवढं.
मग दुसऱ्या पुस्तकात. तिसऱ्यात.
प्रत्येकात एकच.

मी रागावले. म्हटलं, वाचनालयाची पुस्तकं आहेत ही,
तुमच्या मागाचे पुठ्ठे नव्हेत.
ते काही ओशाळले नाहीत.
"माणूस जिथं बदलतो ना मॅडम, तिथं खूण केली."

पुस्तक पिशवीत टाकून घरी नेलं.
मामलेदार लाच घेतो ते पान एकशे बारा.
बायको निघून जाते, एकशे चाळीस.
एक्क्याऐंशीवर काहीच नव्हतं.
शिपाई सलाम करतो
आणि साहेब पहिल्यांदाच मान हलवायला विसरतो.
एवढंच.

पुढच्या बुधवारी म्हटलं, तुमचं चुकलंय.
खरं वळण पुढे आहे, सगळं गाव जमतं तिथं.
ते हसले.
"चादरीवर मोर दिसला की लोक म्हणतात, आला मोर.
भोक आधीच पडलेलं असतंय की ओ.
दोन महिने आधी, माझ्या टेबलावर.
माग बिचारा नुसता वाचतो."

त्यानंतर मला एकही कादंबरी सरळ वाचता आली नाही.
विधवा पाटल्या विकते तिथं भोक नसायचंच;
त्याच्या कितीतरी आधी, कप धुऊन
पालथा घालायचा ती उताणा ठेवते, तिथं.
भाऊ भावावर धावून जातो, ते पान कोरं.
जेवताना तो मीठ मागत नाही,
उठून स्वतः घेतो, तिथं टोचलेलं.
कधी पटायचंही नाही. एका पुस्तकात तर
बैलगाडीच्या वर्णनात उगाच भोक आहे.
विचारलं तर म्हणाले, "तसं वाटलं की ओ तेव्हा."

एक पुस्तक मात्र कोरं परत आलं.
मी पानं खिडकीच्या उजेडावर धरून पाहिली, एकेक.
"त्यात नाही," ते म्हणाले. "तो शेवटपर्यंत तसाच राहतोय.
सगळं होतंय त्याचं, तरी.
लिहायला अवघड गेलं असेल."
आणि तेच पुस्तक पुन्हा घेऊन गेले.

मार्चअखेर तपासणी. हंचाटे सरांनी
भोकावर बोट ठेवून विचारलं, हे काय?
असं कुणी केलं तर दंड, सभासदत्व रद्द. नियम सतरा.
मी नोंदवहीत लिहिलं: कसर लागली आहे.
खाली शिक्का मारला. तारीख स्वच्छ उमटली.
दुकानात कुणीतरी चादर झटकली, तेवढाच आवाज.

मल्लेशम आता येत नाहीत. डोळे गेले म्हणे.
नात येऊन कार्ड ठेवून गेली.

सरांशी माझं भांडण झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी,
भर सभेत, पंख्याच्या वर आवाज चढवून.
पेठेत अजून सांगतात, बाई अचानक बदलल्या.
अचानक.

ती नोंदवही माझ्याच कपाटात आहे. पान त्रेचाळीस.
कधी दुपारी कुणी नसताना काढते,
'कसर' शब्दाशेजारी समासात सुई टेकवते
आणि थांबते.
इथं? की त्याच्याही आधी?
पुस्तक पिशवीत टाकलं होतं, नोंद न करता,
ती संध्याकाळ तर कुठल्याच वहीत नाही.