घळीच्या काठाकाठाने

आबांनी नदी आयुष्यभर उंचीनेच ओळखली.
प्रकाशाच्या पुलाखाली, खांबावर रंगवलेले आकडे:
सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला,
आणि पुरात दर तासाला, डोक्यावर पोतं घेऊन.
एकतीस वर्षं.
शेऱ्याच्या रकान्यात क्वचित काही:
'पाणी गढूळ.' 'म्हैस वाहून आली.' 'कंदील विझला.'

गुडघा बदलून सात महिने झाले तेव्हा म्हटलं,
चला, गोमाई वरच्या अंगाला कशी आहे ते बघून येऊ.
शहादं सुटेपर्यंत ते पपईच्या बागा मोजत होते.
घाट लागला आणि गप्प झाले.

वाट घळीच्या काठाकाठाने जाते.
डावीकडे सालई, अंगावरचे कागद सुटत चाललेली,
उजवीकडे काहीच नाही.
म्हणजे हवा. आणि हवेच्या तळाशी
कुणीतरी हिरवा दोरा टाकून विसरलेला.
वनखात्याने पंचवीस पावलांपुरता लोखंडी पाइप लावलाय;
तो संपतो तिथून पाय आपोआप आत, सालईकडे वळतात.

समोरचा कडा काळा, मग लाल पट्टा, परत काळा,
परत लाल. आबांनी चष्मा पुसला.
"ह्या रेघा कोनी मारेल शेतस?"
मी म्हटलं, लाव्हा. एक थर निवला, मग दुसरा आला.
पाण्याने नंतर सगळं कापत आणलं.
"कितला वरीसमा?"
आकडा मला माहीत होता.
एकतीस वर्षांच्या माणसासमोर तो उच्चारायची लाज वाटली.

रुमाल्या पुढे चालत होता, पावऱ्यांचा पोरगा,
शाळेचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत उसवलेल्या.
"कितलं खोल व्हई रे भाऊ?"
त्याने खांदे उडवले.
मग आबांनी दगड उचलला, डावा हात घड्याळासाठी वळवला,
आणि मला कळलं आता काय होणार:
सोडायचा, मोजायचं, गुणायचं, रकाना भरायचा.
रुमाल्याने मनगट धरलं.
"नको बाबा. खाली आग्या मोहोळ."

मग दिसली. पुढे झुकलेल्या कपारीखाली
नऊ-दहा पोळी, सुपाएवढी, काळी,
आणि त्यांच्यावरून सरकत जाणारी थरथर,
माशी बसली की म्हशीच्या कातडीवर उठते तशी.

आबांनी दगड ठेवला. टाकला नाही, ठेवला,
होता त्याच खळग्यात, होता त्याच कुशीवर.

"बकरी खाली गेली," रुमाल्या म्हणाला,
"तर घंटी आज ऐकू येते. बकरी परवा येते."
आबांनी मान हलवली,
साहेब तपासणीला आले की हलवायचे तशी.

टेंभुर्णीखाली कळण्याची भाकर सोडली.
रुमाल्याने कांदा दगडावर बुक्कीने फोडला,
मोठा तुकडा आबांना दिला,
चटणी मात्र जवळजवळ सगळी त्यानेच संपवली.
हात पुसून आबांनी खिशातली वही काढली.
तारीख. वेळ, दोन वाजून दहा.
मग पेन बराच वेळ कागदावर नुसतं टेकलेलं.
शेवटी शेरा: 'पाणी आहे.'

परतताना पायाखालचा मुरूम सुटला,
नवा गुडघा दचकला. त्यांनी माझा दंड धरला,
आणि पाइपाची पंचवीस पावलं आली, गेली,
तरी सोडला नाही.

प्रकाशाच्या पुलावर पोचलो तेव्हा अंधार,
आबा काचेला डोकं टेकून झोपलेले.
मी गाडी हळू केली, वाकून पाहिलं;
खांब दिसला, आकडे नाही दिसले.
मागून ट्रकने हॉर्न दिला.
काच खाली केली तर पाण्याचा वास आत आला,
आणि झोपेतच आबा पुटपुटले काहीतरी,
दशांशासकट.